विश्वाची घनता आणि तारापूरचं जड पाणी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याविषयी अध्यक्षांनी आत्ताच सविस्तर सांगितलं. तेच मी पुन्हा सांगत बसत नाही. गणिताच्या शिक्षकाच्या स्मृतिव्याख्यानात हिशेबाचाच विषय घ्यावा, एवढं मी ठरवून आलो आहे. हिशेब मात्र जरा मोठा आहे. सगळ्या विश्वात मिळून माल किती आणि जागा किती? एकाला दुसऱ्याने भागलं की जी येते ती विश्वाची घनता.

हा विषय मांडायला एडवण ही योग्य जागा आहे, आणि हे मी यजमानांना बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. इथून किनाऱ्याने उत्तरेला तीस-पस्तीस किलोमीटर गेलं की तारापूर लागतं. तिथल्या दोन अणुभट्ट्यांत जड पाणी फिरतं. त्या पाण्यातला जो जड हायड्रोजन आहे, त्याच्यावरूनच शास्त्रज्ञांनी विश्वातल्या मालाचा पहिला भरवशाचा हिशेब लावला. तिथवर मी येणार आहे, पण आधी आकडा सांगतो, म्हणजे आपण कशाविषयी बोलतो आहोत हे कळेल.

एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच अशी जागा घ्या. इथल्या हवेत अशा एका घनमीटरमध्ये सव्वा किलोच्या आसपास वस्तुमान असतं. समुद्राचं पाणी घेतलंत तर हजार किलोहून थोडं जास्त. आता सूर्य, तारे, दीर्घिका, त्यांच्यामधला वायू, दिसणारं आणि न दिसणारं सगळं काही दळून विश्वभर सारखं पसरलं, तर एका घनमीटरच्या वाट्याला काय येतं? एका किलोग्रॅमचे, एकावर सत्तावीस शून्यं, इतके भाग करा, त्यांतले साडेआठ. हायड्रोजनच्या अणूंत सांगायचं तर पाच अणू. तेही सगळे खरे अणू नव्हेत. आपण ज्याला पदार्थ म्हणतो, म्हणजे ज्याचे तुम्ही-आम्ही, ही खुर्ची, इथल्या आशापुरी देवीच्या देवळाचे दगड बनलेले आहेत, तो माल त्यात पाच टक्केसुद्धा पुरता भरत नाही. चार घनमीटर जागा धुंडाळावी तेव्हा त्याचा एक अणू सापडायचा. आणखी एक हिशेब देतो. आपली आख्खी पृथ्वी जेवढी जागा व्यापते तेवढ्या जागेत विश्वाच्या सरासरी घनतेचा माल भरला, तर त्याचं वजन नऊ मिलीग्रॅम होईल. तांदळाचा अर्धा दाणा.

तुम्ही विचाराल, एवढ्या क्षुल्लक आकड्यासाठी लोकांनी आयुष्यं का घालवली? कारण या आकड्यावर विश्वाचा आकार, वय आणि पुढचा प्रवास अवलंबून आहे. आइन्स्टाइनने 1917 साली आपलं गुरुत्वाकर्षणाचं गणित सगळ्या विश्वाला लावून पाहिलं, तेव्हा त्याला विश्व स्तब्ध हवं होतं. पण जिथे वस्तुमान आहे तिथे ओढ आहे, आणि ओढ आहे म्हटल्यावर सगळं एकमेकांवर येऊन कोसळणार. ते कोसळू नये म्हणून त्याने समीकरणात एक जास्तीचा स्थिरांक घातला. 1922 साली पेट्रोग्राडच्या अलेक्झांडर फ्रीडमनने सरळ मार्ग धरला. विश्व स्तब्ध कशाला हवं, ते प्रसरण पावू द्या किंवा आकुंचन पावू द्या, असं म्हणून त्याने समीकरणं सोडवली. तीन वर्षांनी, ऐन तरुणपणी, तो वारला. 1929 साली एडविन हबलने दीर्घिका दूर जात असल्याचं दाखवलं ते पाहायला तो नव्हता.

फ्रीडमनच्या गणितातून क्रांतिक घनता नावाची एक राशी निघते. प्रसरणाचा दर ठाऊक असला आणि न्यूटनचा गुरुत्व स्थिरांक हाताशी असला की ती काढता येते, दुसरं काही लागत नाही. प्रत्यक्ष घनता त्याहून जास्त असेल तर अवकाश स्वतःकडे वळलेलं, बंदिस्त. कमी असेल तर उलट्या दिशेने वाकलेलं, उघडं. बरोबर तेवढीच असेल तर सपाट, म्हणजे शाळेतल्या भूमितीचं: त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज 180 अंश. मघाशी मी जो पाच अणूंचा आकडा दिला तो या क्रांतिक घनतेचाच आहे. प्रत्यक्ष घनता तिच्याशी अर्ध्या टक्क्याच्या आत जुळते असं आज मोजून ठरलेलं आहे. ती इतकी नेमकी का जुळावी, याचं एक उत्तर अ‍ॅलन गुथने 1981 साली सुचवलं, पण आज मी त्या वाटेला जात नाही.

घनतेविषयीचा खरा वाद मात्र वेगळ्याच प्रश्नावर पेटला होता, आणि त्या वादात एक मराठी माणूस अगदी पुढच्या फळीत होता. विश्व प्रसरण पावतं म्हणजे जागा वाढते. माल तेवढाच राहिला तर घनता घटत जाणार, आणि मागे मागे गेलं तर ती वाढत वाढत सगळं एकदा दाट, तापलेलं असणार. याला पुढे महास्फोट म्हणू लागले. 1948 साली केंब्रिजच्या हर्मन बाँडी, टॉमी गोल्ड आणि फ्रेड हॉयल यांनी हे साफ नाकारलं. त्यांचं म्हणणं असं की घनता बदलतच नाही. जागा वाढते तसा नवा मालही निर्माण होत राहतो. विश्व काल होतं तसंच आज आहे आणि उद्याही राहील. हाच स्थिर स्थिती सिद्धांत.

शून्यातून पदार्थ निर्माण होतो हे ऐकल्यावर हसू येतं खरं, पण हिशेब करून पाहा. घनता कायम ठेवायला एका घनमीटरमागे शंभर कोटी वर्षांत साधारण एक अणू नवा आला तरी पुरे. आपण बसलो आहोत ती जागा हजार घनमीटरची धरली, तर इथे दहा लाख वर्षांत एक अणू. जगातली कुठली प्रयोगशाळा याची हजेरी घेणार? म्हणजे सिद्धांत प्रयोगशाळेत खोटा पाडण्याची सोयच नव्हती. निकाल आकाशाकडून घ्यावा लागणार होता.

हा वाद चालू असतानाच केंब्रिजला जयंत विष्णु नारळीकर हॉयल यांचे विद्यार्थी झाले. 19 जुलै 1938 रोजी कोल्हापुरात जन्म, वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक आणि स्वतः सापेक्षतेवर संशोधन करणारे, आई सुमतीबाई संस्कृतच्या विदुषी. हॉयल यांचा केंब्रिजमधला कडवा प्रतिस्पर्धी मार्टिन रायल. तो रेडिओ दुर्बिणीने आकाशातल्या रेडिओ स्रोतांची शिरगणती करत होता. 1961 साली त्याने जाहीर केलं की मंद, म्हणजे दूरचे स्रोत हिशेबापेक्षा जास्त भरतात. दूरचं म्हणजे जुनं. तेव्हा पूर्वी विश्व वेगळं होतं आणि स्थिर स्थिती संपली. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत याला उत्तर द्यायला हॉयल यांच्या बाजूने बावीस वर्षांचे नारळीकर उभे राहिले.

त्यांचा मुद्दा नीट समजून घ्यावा असा आहे, कारण तो घनतेचाच आहे. विश्वाची सरासरी घनता एक असली तरी माल सगळीकडे सारखा पसरलेला नाही. कोट्यवधी प्रकाशवर्षांच्या टापूंत कुठे गर्दी, कुठे मोकळीक असू शकते. आपण एखाद्या विरळ टापूत असलो, तर जवळचे स्रोत कमी दिसतील आणि दूरचे जास्त वाटतील. मोजणी बरोबर असूनही त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकेल. त्या काळात इतक्या मोठ्या प्रमाणावर विश्व असं गुठळ्यागुठळ्यांचं असेल हे बहुतेकांना पटत नव्हतं. पुढे दीर्घिकांचे महासमूह आणि त्यांच्यामधल्या प्रचंड पोकळ्या सापडल्या. नारळीकरांनीच पुण्यात उभारलेल्या आयुका या संस्थेतल्या आणि आयसर या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2017 साली मीन राशीच्या दिशेला एक महासमूह शोधून काढला. चारशे कोटी प्रकाशवर्षं दूर, साठ कोटी प्रकाशवर्षं पसरलेला. त्याचं नाव त्यांनी सरस्वती ठेवलं. 1961 च्या वादात मुख्य मुद्द्यावर हॉयल-नारळीकर हरले. या पोटमुद्द्यावर त्यांचं म्हणणं खरं निघालं. मोठ्या वादांत असं बऱ्याचदा होतं आणि मग विजेत्यांच्या इतिहासात पोटमुद्दा गाळला जातो.

मुख्य मुद्द्यावरची हार 1965 साली झाली. पेन्झियस आणि विल्सन यांना सगळ्या आकाशातून सारखंच येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं. आज त्याचं तापमान निरपेक्ष शून्याच्या वर 2.7 अंश मोजलेलं आहे. दाट, तापलेल्या सुरुवातीची ही उरलेली ऊब. गंमत म्हणजे पुढचा एक घाव घरातूनच बसला. 1972 साली नारळीकर भारतात परत आले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. त्याच संस्थेचे गोविंद स्वरूप आणि विजय कपाही उटीच्या रेडिओ दुर्बिणीने दूरच्या स्रोतांचे कोनीय आकार मोजत होते. चंद्राच्या कडेआड स्रोत जातो तो क्षण पकडायचा आणि त्यावरून आकार काढायचा, अशी त्यांची पद्धत. 1975 साली त्यांनी दाखवलं की ते आकार काळाप्रमाणे न बदलणाऱ्या विश्वात बसत नाहीत. एका छपराखाली काम करणारी माणसं, एकमेकांच्या सिद्धांताच्या मुळावर येणारे निष्कर्ष, आणि तरीही कुणी कुणाची वाट अडवली नाही. आपल्याकडच्या संस्था मतभेदावरून कशा फुटतात हे पाहिलेल्या माणसाला याचं अप्रूप वाटतं.

आता तारापूरला येऊ.

हायड्रोजनच्या साध्या अणूच्या केंद्रात एकच प्रोटॉन असतो. क्वचित एखाद्या अणूत प्रोटॉनला एक न्यूट्रॉन चिकटलेला असतो. हा ड्यूटेरियम, 1931 साली हॅरॉल्ड युरीने शोधला आणि तीनच वर्षांत त्यासाठी त्याला नोबेल मिळालं. ऑक्सिजनशी याची जोडी जमली की जड पाणी. दिसायला पाण्यासारखंच, लिटरला शंभरएक ग्रॅमने भारी. ते मुद्दाम तयार करत नाहीत, साठ्यातून वेगळं काढतात. आपल्या समोरच्या समुद्रात हायड्रोजनच्या सुमारे 6,400 अणूंमागे एक अणू ड्यूटेरियमचा आहे. एक टन पाणी पूर्ण पिळून काढता आलं तर त्यातून 170 ग्रॅमच्या आसपास जड पाणी निघेल. ते काम सोपं नाही. आपल्या राज्यात अलिबागजवळ थळला खत कारखान्यातल्या अमोनिया बनवायच्या वायूतून ते वेगळं करण्याचा मोठा प्रकल्प आहे.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या 1969 च्या, अमेरिकी बनावटीच्या, साध्या पाण्यावर चालणाऱ्या. तिसरी आणि चौथी आपण बांधल्या, प्रत्येकी 540 मेगावॅटच्या. त्या 2005-06 मध्ये सुरू झाल्या आणि त्यांत जड पाणी वापरतात. न्यूट्रॉनचा वेग कमी करायचा पण न्यूट्रॉन गिळायचा नाही, हे काम जड पाणी उत्तम करतं, म्हणून नैसर्गिक युरेनियमवर भागतं. या दोन अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरणच्या माणसांना घरदार सोडावं लागलं हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण विज्ञानाच्या व्याख्यानातही ते नोंदलं जावं असं मला वाटतं.

तर प्रश्न असा: हे ड्यूटेरियम आलं कुठून? 1957 साली मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि हॉयल यांनी एक लांबलचक निबंध लिहून बहुतेक सगळी मूलद्रव्यं ताऱ्यांच्या पोटात कशी तयार होतात ते दाखवलं. आपल्या रक्तातलं लोह, हाडांतलं कॅल्शियम यांचा उगम तिथला. ड्यूटेरियमपाशी मात्र ते अडले. ड्यूटेरियमचं केंद्र फार कच्चं असतं. ताऱ्याच्या उष्णतेत ते टिकत नाही, लगेच पुढच्या अणुकेंद्रांत जिरून जातं. तारे ड्यूटेरियम घडवत नाहीत, संपवतात. म्हणून त्या चौघांनी त्याच्या उत्पत्तीला नुसतं एक्स प्रक्रिया म्हणून सोडून दिलं.

त्या एक्सचं उत्तर महास्फोटात होतं. विश्व एक-दोन मिनिटांचं असताना तापमान शंभर कोटी अंशांच्या घरात उतरतं आणि प्रोटॉन-न्यूट्रॉनची जोडी पहिल्यांदा टिकायला लागते. जोड्या जमल्या की त्या एकमेकींवर आदळून हेलियम बनतात. काही मिनिटांत विश्व इतकं पसरतं आणि निवतं की टकरी थांबतात. ज्या जोड्या या घाईत हेलियम व्हायच्या राहून गेल्या, तेच आजचं ड्यूटेरियम. तेव्हा पदार्थ जितका दाट, तितक्या टकरी जास्त आणि उरलेलं ड्यूटेरियम कमी. पदार्थ विरळ असेल तर ड्यूटेरियम जास्त उरणार. म्हणजे आज ते किती आहे हे मोजलं की त्या पहिल्या काही मिनिटांत साध्या पदार्थाची घनता किती होती ते सांगता येतं, आणि तिथून आजची.

हे गणित तपशिलात कुणी करावं? 1967 साली रॉबर्ट वॅगनर, फाउलर आणि फ्रेड हॉयल यांनी. हॉयल! महास्फोट हा शब्द ज्याने जन्माला घातला आणि ज्याला तो सिद्धांत आयुष्यभर पटला नाही, त्यानेच महास्फोटात कोणतं मूलद्रव्य किती तयार होईल याचा हिशेब उत्तम करून ठेवला. मला हॉयल यांच्याविषयी जो आदर वाटतो तो त्यांच्या सिद्धांतापेक्षा या कामामुळे. 1976 साली एप्स्टाइन, लॅटिमर आणि श्रॅम यांनी ड्यूटेरियम दुसरीकडे कुठे तयार होऊ शकतं का याची एकेक शक्यता तपासली आणि मोडीत काढली.

मोजणी मात्र समुद्राच्या पाण्यात करून चालत नाही. आपल्या समुद्रात ड्यूटेरियमचं प्रमाण मूळच्या सहापट आहे. पृथ्वीचं पाणी ज्या ढगांतून आलं तिथल्या कडाक्याच्या थंडीत बर्फाच्या रेणूंत जड हायड्रोजन जास्त अडकून राहिला. ताऱ्यांनी न उष्टावलेला वायू हवा असेल तर फार दूर बघावं लागतं. अब्जावधी प्रकाशवर्षं दूरच्या एखाद्या क्वेसारचा प्रकाश आपल्याकडे येताना वाटेत अशा जुन्या वायूच्या ढगातून जातो. हायड्रोजन त्या प्रकाशातला ठरावीक रंग शोषतो, आणि ड्यूटेरियम त्याच्या अगदी शेजारचा. फरक सेकंदाला 82 किलोमीटर वेगाने जो पडेल तेवढा. ही बारीक रेघ वेगळी ओळखायला जगातल्या सर्वांत मोठ्या दुर्बिणी लागल्या. रायन कुक, मॅक्स पेटिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 साली दिलेला आकडा असा: हायड्रोजनच्या दहा लाख अणूंमागे ड्यूटेरियमचे 25. म्हणजे चाळीस हजारांत एक. यावरून साध्या पदार्थाची घनता निघते ती चार घनमीटरमागे एक अणू, क्रांतिक घनतेच्या पाच टक्क्यांच्या आत.

यातली ताकद कशात आहे? आकाशातल्या सूक्ष्मलहरींवरून हीच राशी स्वतंत्रपणे काढता येते. विश्व 3 लाख 80 हजार वर्षांचं असताना त्या तापलेल्या वायूत ध्वनिलहरी उठत होत्या, त्यांच्या खुणा प्रारणात उमटल्या आहेत, आणि त्यांची उंची-खोली साध्या पदार्थाच्या घनतेवर ठरते. युरोपच्या प्लँक उपग्रहाने त्या मोजल्या. एक साक्ष पहिल्या काही मिनिटांची, अणुकेंद्रांच्या भौतिकीची. दुसरी जवळजवळ चार लाख वर्षांनंतरची, लहरींच्या भौतिकीची. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही आणि दोन्ही उत्तरं एक-दोन टक्क्यांच्या फरकाने एकच येतात. महास्फोटावर माझा विश्वास आहे तो या जुळणीमुळे. सगळंच जुळतं असंही नाही, हे सांगायला हवं. लिथियमचं प्रमाण याच हिशेबाने जेवढं यायला हवं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंच जुन्या ताऱ्यांत सापडतं, आणि ते का, यावर एकमत नाही.

नारळीकरांनी 1993 साली हॉयल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर स्थिर स्थितीची सुधारित आवृत्ती मांडली. तिच्यात घनता कायम नाही. फार दीर्घ काळाच्या आवर्तनांत ती कमी-जास्त होत राहते. सूक्ष्मलहरींचा उगमही त्यांनी वेगळा सांगितला. ते अखेरपर्यंत या मताचे राहिले. मी त्यांच्या विरुद्ध बाजूचा आहे, आणि ड्यूटेरियमचं समाधानकारक उत्तर त्या मांडणीत नाही असं माझं मत आहे. पण एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. जुन्या स्थिर स्थितीच्या विश्वात प्रसरणाचा वेग वाढत जातो. 1998 साली सुपरनोव्हांच्या निरीक्षणांतून नेमकं हेच दिसलं, तेव्हा महास्फोटवाल्यांचीच धांदल उडाली होती. नारळीकर 20 मे 2025 रोजी पुण्यात निवर्तले. त्यांच्या विज्ञानकथा वाचून विज्ञानाकडे वळलेल्या मराठी मुलांपैकी कित्येक आज त्यांना न पटलेल्या महास्फोटावर काम करत असतील, आणि त्याचं त्यांना वाईट वाटलं नसतं.

घनतेच्या बाकीच्या हिश्श्याविषयी थोडक्यात बोलतो, कारण तिथे आपलं ज्ञानच थोडकं आहे. 1933 साली फ्रिट्झ झ्विकीने पाहिलं की कोमा समूहातल्या दीर्घिका इतक्या वेगाने फिरतात की दिसणाऱ्या वस्तुमानाने त्या एकत्र बांधून राहूच शकत नाहीत. सत्तरच्या दशकात व्हेरा रुबिनच्या मोजणीने हीच अडचण एकेका दीर्घिकेत दाखवली. या न दिसणाऱ्या द्रव्याचा वाटा 26 टक्के. ते साधा पदार्थ असू शकत नाही हे कोण सांगतं? पुन्हा ड्यूटेरियमच. साधा पदार्थ तेवढा असता तर आज दिसतं तेवढं ड्यूटेरियम उरलंच नसतं. राहिले 69 टक्के, ते कृष्ण ऊर्जेचे. प्रसरणाचा वेग वाढवते ती हीच. आइन्स्टाइनने घातलेला आणि मग काढून टाकलेला स्थिरांक इथे मागच्या दाराने परत आला आहे.

साधा पदार्थ तरी सगळा सापडला का? बरीच वर्षं नाही. ड्यूटेरियम सांगत होतं त्याच्या जेमतेम निम्मा तारे-वायू मिळून मोजता येत होता. उरलेला दीर्घिकांमधल्या अतिविरळ, तापलेल्या वायूत आहे हे 2020 साली जाँ-पियेर मॅक्वार्ट यांच्या गटाने दाखवलं. दूरच्या रेडिओ स्फोटांचे क्षणभराचे संदेश वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे किती रेंगाळतात ते त्यांनी मोजलं आणि हिशेब जमला. त्याच वर्षी जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीने, म्हणजे गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांनी, साडेसात हजारांहून जास्त दीर्घिकांचे संदेश एकत्र करून आठशे कोटी वर्षांपूर्वी दीर्घिकांत अणुरूप हायड्रोजन किती होता ते मोजलं. आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर यांचं हे काम आहे, पुण्यात बसून केलेलं.

दोन भांडणं अजून चालू आहेत. पहिलं प्रसरणाच्या दराचं. खगोलशास्त्रज्ञांच्या एककांत प्लँकवरून तो 67.4 येतो, जवळच्या ताऱ्यांवरून आणि सुपरनोव्हांवरून 73. क्रांतिक घनता या दराच्या वर्गावर ठरते, म्हणून एवढ्याशा फरकाने ती सतरा टक्क्यांनी वाढते: मघाचे पाच अणू सहा होतात. ड्यूटेरियमवरून काढलेला साध्या पदार्थाचा आकडा मात्र या भांडणात हलत नाही, तो या दरावर अवलंबूनच नाही. दुसरं भांडण नवं आहे. अमेरिकेतल्या डेसी प्रकल्पाने लाखो दीर्घिकांचा नकाशा काढला, आणि 2024 व 2025 च्या त्याच्या निष्कर्षांत कृष्ण ऊर्जेची घनता काळाबरोबर बदलत असावी अशी चाहूल लागली आहे. पुरावा अजून निर्णायक नाही. माझा कल विचाराल तर मी थांबेन. अशा चाहुली पूर्वीही लागल्या आणि विरल्या आहेत.

व्याख्यान इथे थांबवतो, पण एक विनंती आहे, खास करून मागे बसलेल्या मुला-मुलींना आणि त्यांना घेऊन आलेल्या शिक्षकांना. दरवर्षी 28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, पुण्यात आयुका आणि खोडदला दुर्बीण केंद्र लोकांसाठी खुलं असतं. शास्त्रज्ञ स्वतः उभे राहून शंकांना उत्तरं देतात. सफाळ्याहून पहाटेची गाडी धरावी लागेल, प्रवास लांबचा आहे, एक मुक्काम पडेल. तरी या वर्षी शाळेची सहल तिकडे काढा, आणि जाताना प्रश्न लिहून न्या.